आठ नंबरची अदलाबदल

कागदाची गिरणी वर्षातून एकदाच गप्प बसते. एरवी तिथे दोन माणसांना बोलायचं तर एकाने दुसऱ्याच्या कानाला तोंड लावावं लागतं. पण मोठ्या दुरुस्तीसाठी वाफ बंद झाली की पायाखालची लोखंडी जाळी कुरकुरलेलीसुद्धा वरच्या मजल्यावर ऐकू येते. ओल्या लगद्याचा आंबूस वास तेवढा सुट्टी घेत नाही. तो माणसांच्या कपड्यांतून घरी जातो आणि सकाळी त्यांच्याबरोबरच परत येतो.

अशाच एका शांत सकाळी मास्तर कंट्रोल रूममध्ये जुन्या पॅनेलसमोर उभे होते. मास्तर काही शाळेतले नव्हते. ते गिरणीतले उपकरणांचे मेकॅनिक. पण हाताखाली आलेल्या प्रत्येकाला चार गोष्टी समजावल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे, म्हणून गिरणीने त्यांचं हे बारसं केलं होतं. आज ते जुनं पॅनेल उतरवून नवी यंत्रणा बसवायची होती. काम बाहेरून आलेल्या एका तरुण इंजिनिअरबाईंकडे होतं, आणि त्यांच्याबरोबर दोन शिकाऊ मुली होत्या. शिकाऊ म्हटल्यावर मास्तरांची कळी खुलली.

"हे कार्ड बघा," ते म्हणाले. आठ दिव्यांचं एक चपटं खोकं त्यांनी बोटाने दाखवलं. "याला काम एकच. बोलणं. खालच्या व्हॉल्व्हला हे हुकूम सोडतं. उघड, मिट, अर्धा उघड. ऐकणारी कार्डं वेगळी असतात. हे आमच्या मोठ्या साहेबांसारखं, नुसतं बोलतं."

मुली हसल्या. इंजिनिअरबाईही हसल्या.

"हुकूम विजेतून जातो. चार मिलिअँपिअर म्हणजे व्हॉल्व्ह बंद. वीस म्हणजे सताड उघडा. बारा म्हणजे बरोबर अर्धा. आता सांगा, बंद ठेवायला चार कशाला? शून्य का नाही?"

एकीने दुसरीकडे पाहिलं. दुसरीने छताकडे.

"असं बघा. घरात कुणी गप्प बसलंय, आणि घरात कुणीच नाही, यात फरक आहे की नाही? बाहेरून दोन्ही सारखंच. म्हणून हे चार. चार म्हणजे माणूस आत आहे, बोलत नाही एवढंच. शून्य म्हणजे तार तुटली, घर रिकामं. आणि एक लक्षात ठेवा. वीज गेल्या वाटेने परत येणार असेल तरच निघते. परतीची वाट नसली तर ती उंबऱ्याबाहेर पाऊलसुद्धा टाकत नाही."

हा धडा त्यांनी आयुष्यभर दिला होता. गेल्या काही वर्षांत मात्र शेवटच्या वाक्यानंतर ते पाण्याची बाटली शोधायचे. त्यांनी एक घोट घेतला आणि मुलींना चहाला पिटाळलं.

हाच धडा त्यांनी सगळ्यांत आधी घरच्या ओट्यापाशी दिला होता. मुलगी तेव्हा उंचीने ओट्याएवढी होती. नाव वेगळं होतं, पण हट्टी म्हणून घरात सगळे तिला ठमी म्हणत. ठमी व्हॉल्व्ह व्हायची. मास्तर 'चार' म्हणाले की ती हात छातीशी घट्ट मिटून घ्यायची. 'आठ' म्हटलं की पाव उघडायची, 'बारा'ला अर्धे, आणि 'वीस' म्हटलं की दोन्ही हात असे फाकवायची की जणू सगळं स्वयंपाकघर कवेत घेते आहे. फक्त बाराला ती हमखास अडकायची. मुद्दाम. अर्ध्याच्या किंचित अलीकडे हात थांबवून, डोळे मिटून, डोकं पुढे करून उभी राहायची. कारण अडकलेल्या व्हॉल्व्हला मेकॅनिक टकटक करतो, हे तिने वडिलांकडूनच ऐकलं होतं. मास्तर बोटाच्या पेराने तिच्या टाळूवर दोनदा टकटक करत, तेव्हा कुठे हात पुढे सरकायचे. मग अदलाबदल. मास्तर बुटक्या स्टुलावर बसून व्हॉल्व्ह व्हायचे आणि ठमी हुकूम सोडायची.

"दोन्ही टोकं कळली पाहिजेत," हा मास्तरांचा नियम. गिरणीतही तोच. एकाने पॅनेलवर बसून हुकूम द्यायचा, दुसऱ्याने खाली व्हॉल्व्हपाशी उभं राहून वॉकी-टॉकीवर सांगायचं की तो किती उघडला. पूर्ण झालं की जागा बदलायच्या आणि पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्या फेरीनंतरच म्हणायचं, "लूप ठीक," म्हणजे जायची आणि परतीची वाट पूर्ण. बाकी कुठल्या गिरणीत कुणी एवढा खटाटोप करत नसे.

"लोकांच्या मुली बाहुल्या खेळतात," बायको म्हणायची, "आमची नळ खेळते."

"नळ नाही गं आई, व्हॉल्व्ह. तू हो ना एकदा व्हॉल्व्ह."

"मला पोळ्या करायच्यात. आणि ते काळे हात भिंतीला लावू नकोस."

कारण मास्तर व्हॉल्व्हच्या दांड्याभोवती गुंडाळायची ग्राफाइटची दोरी घरी आणायचे आणि ठमीला ती खेळायला लागायची. तिची बोटं काळी, आणि तिच्या बोटांनी दाराजवळची भिंत काळी. ती आईला शेवटपर्यंत विनवत राहिली. आई कधी व्हॉल्व्ह झाली नाही.

ठमी मोठी झाली, शिकली, आणि वडिलांच्याच गिरणीत लागली. गिरणीने तिलाही ठमीच म्हटलं. तीन वर्षांमागच्या अशाच एका दुरुस्तीनंतर, वाफ नुकतीच सोडली होती तेव्हा, ती खाली वाळवण-विभागात आठ नंबरच्या व्हॉल्व्हपाशी उभी होती आणि मास्तर वर पॅनेलवर. पहिली फेरी झाली. वॉकीवर तिचा आवाज आला, "चला बाबा, अदलाबदल. तुम्ही खाली या, मी वर येते."

मास्तर उठले. ते जिन्यात होते तेव्हा खालून आवाज आला. पाइपच्या जोडातलं गॅस्केट, म्हणजे वाफ अडवणारी पट्टी, फाटलं होतं, आणि समोर ठमी उभी होती. चौकशीत निघालं की गॅस्केट नवंच होतं, बसवलंही नीट होतं, कुणाची चूक नव्हती. चूक सापडली असती तर रागवायला तरी कुणी मिळालं असतं.

नंतर ती वाफेची वाट बदलली. आठ नंबरचा व्हॉल्व्ह काढला, पाइपाचं तोंड लोखंडी चकतीने बंद केलं, तार पार पॅनेलपर्यंत उपटून काढली. पॅनेलवर आठ नंबरचा दिवा तेव्हापासून लाल होता. घरात नवा रंग काढला तेव्हा बायकोने दाराजवळचा भिंतीचा तुकडा तेवढा रंगवू दिला नाही. बाकी दोघं त्याबद्दल काही बोलत नसत. घर चार मिलिअँपिअरवर चाललं होतं.

"मास्तर," इंजिनिअरबाईंनी हाक मारली. "आठ नंबरला काय जोडलंय?"

"काही नाही, मॅडम."

"मॅडम नका हो म्हणू. मग दिवा हिरवा कसा?"

मास्तरांनी वळून पाहिलं. आठही दिवे हिरवे होते. पॅनेलच्या दारावर प्रत्येक नंबराला काट्याचं एक छोटं मीटर होतं. आठ नंबरचा काटा तीन वर्षं तळाच्या खिळीला टेकून पडला होता. आता तो चारवर उभा होता. थरथर नाही, काही नाही. सरळ.

त्यांनी मागचं दार उघडलं, बॅटरी मारली. आठ नंबरच्या दोन्ही स्क्रूंखाली काहीच नव्हतं. पितळेवर धूळ होती.

"कार्ड गेलं असेल," इंजिनिअरबाई म्हणाल्या. त्यांनी रीतसर ते कार्ड काढून शेजारच्या खाचेत बसवलं. तिथे आठवा दिवा लाल. मग या खाचेत कोरं कार्ड बसवलं. दिवा हिरवा, काटा चारवर. दोघांनी स्क्रूभोवतीची जागा कापडाने पुसली, ओल आहे का पाहिलं. ओल नव्हती. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

"जाऊ दे," इंजिनिअरबाई शेवटी म्हणाल्या. "दुपारी वीज काढायचीच आहे. मी जेवून येते. तुम्ही?"

"माझा डबा आहे."

त्या गेल्या. मास्तरांनी डबा उघडला नाही. ते खुर्चीत बसून काट्याकडे बघत राहिले. मग उठले आणि आठ नंबरची कळ 'हाती'वर केली, म्हणजे आता हुकूम त्यांच्या बोटातून जाणार. बटण हळूच फिरवलं. काटा आठवर आला. पुढे फिरवलं. नऊ, दहा, अकरा.

बाराच्या किंचित अलीकडे काटा थांबला.

मास्तरांनी बटण बारावर नेलं होतं. काटा येत नव्हता. त्यांनी वाट पाहिली. खिडकीबाहेर कुणी तरी हातगाडी ओढत गेलं. त्यांनी बोट वाकवलं आणि पेराने काचेवर टकटक केलं. दोनदा.

काटा बारावर आला.

मास्तर खाली बसले. खुर्ची मागे होती म्हणून बरं.

बऱ्याच वेळाने ते जिन्याने खाली गेले. तिथून ते कधी जात नसत. लांबच्या वाटेने वळसा घालत. वाळवण-विभागातले मोठे रूळ रांगेने थंड पडले होते. बॉयलर कधीचा विझलेला, वाफेचं नाव नाही. त्या जागी बंद पाइपाचं तोंड, त्यावर चकती, चकतीवर पिवळा रंग. आजूबाजूचा पाइप त्यांनी चाचपला. गार. शेजारचा. गार. मग त्यांनी चकतीवर तळहात ठेवला.

ती कोमट होती. कुणी तरी हात टेकून नुकतंच बाजूला झाल्यासारखी.

ते वर आले तेव्हा इंजिनिअरबाई पॅनेलपाशी होत्या. आठ नंबरचा काटा बारावर बघून त्यांनी हातातला पेचकस खाली ठेवला. गिरणीत ही हकिगत सगळ्यांना ठाऊक असते. कुणी तरी जेवताना त्यांनाही सांगितली असणार.

"मास्तर, हवं तर उद्या काढू आपण वीज. मी सांगेन काही तरी."

मोह झाला नाही असं नाही. आज थांबलं तर उद्याही थांबावंसं वाटेल, हेही त्यांना कळत होतं. लेकीला त्यांनीच शिकवलं होतं की दुसऱ्याचं काम अडवून धरू नये.

"नको. काढा वीज. फक्त," ते थांबले, "पोरी, मला थोडा वेळ एकट्याला बसू दे इथे."

सकाळपासून जीभ या शब्दाला अडत होती. इंजिनिअरबाईंनी मान हलवली. "मी खाली स्विचपाशी जाते. वॉकीवर सांगा, मग पाडते."

मास्तरांनी आठ नंबर हळूहळू चारवर आणला. शून्यावर त्यांच्याने नेववलं नसतं. मग वॉकीत म्हणाले, "पाडा."

पंख्याची घरघर बसत गेली. दिवे गेले. आठही काटे एकदम खाली आले आणि खिळ्यांवर टेकले.

सात टेकले.

आठवा चारवर होता.

पॅनेलमध्ये आता वीज नव्हती. मास्तरांनी हात मागे घेतले, दोन्ही, पाठीशी धरले. खिडकीतून दुपारचं ऊन मीटरच्या काचेवर पडलं होतं, म्हणून त्यांनी आधी डोळ्यांवर खापर फोडलं. ते जवळ गेले.

काटा आठवर होता.

त्यांनी बटण पाहिलं. बटण जागेवर होतं. हुकूम इथून जात नव्हता. जे कार्ड नुसतं बोलतं, त्याच्याशी पलीकडून कुणी तरी बोलत होतं.

'चला बाबा, अदलाबदल.'

पॅनेलच्या पायाशी तारा जोडताना बसायचं बुटकं स्टूल होतं. मास्तर त्यावर बसले. गुडघे पोटाशी आले. काटा त्यांच्या डोळ्यांसमोर पुन्हा चारवर गेला, पहिल्यापासून सुरू करायचं असल्यासारखा.

त्यांनी हात छातीशी मिटले.

आठ. त्यांनी पाव उघडले.

काटा चढत बाराकडे गेला. मास्तरांचे हात अर्ध्याच्या किंचित अलीकडे आले. तिथे त्यांनी ते थांबवले. मुद्दाम. डोळे मिटले. डोकं पुढे केलं.

खोलीत कुणी नव्हतं. दार बंद होतं. आंबूस वास होता, आणि त्यात हळूहळू ग्राफाइटचा, पेन्सिलीच्या टोकासारखा वास मिसळला.

टाळूवर टकटक झालं. दोनदा. हलकंच.

मास्तरांचे हात बारावर आले. मग सोळा. मग वीस. त्यांनी ते पूर्ण फाकवले, खांदे दुखेपर्यंत, आणि तसेच धरून ठेवले. डोळे उघडायचं धाडस झालं नाही. गालांवरून पाणी ओघळून गळपट्टीत गेलं, पण ते पुसायला हात मोकळे नव्हते.

डोळे उघडले तेव्हा काटा खाली येत होता. बारा, आठ, चार. चारवर तो जरा रेंगाळला, निघता निघता माणूस दारात रेंगाळतो तसा.

मग खिळीवर टेकला.

मास्तरांनी वॉकी तोंडाशी नेली. तीन वर्षं ती फेरी अर्धवट पडली होती.

"आठ नंबर," ते म्हणाले. "लूप ठीक."

"काय म्हणालात, मास्तर?" खालून इंजिनिअरबाईंचा आवाज आला.

"काही नाही. कार्ड काढा आता."

संध्याकाळी ते घरी पोचले तेव्हा बायको ओट्यापाशी भांडी पुसत होती. त्यांनी हात-पाय धुतले आणि नेहमीच्या जागी बसले. सांगावं की न सांगावं, हे वाटेत ठरलं नव्हतं. दिवा त्यांच्या बरोबर वर होता.

"डबा तसाच आणलात," ती म्हणाली.

"भूक नव्हती."

"आणि हे डोक्याला काय लावून आलात? एवढ्या पांढऱ्या केसांत." ती फडकं घेऊन जवळ आली. "काळं आहे. आता तर तुम्ही वरच बसता ना, पॅनेलवर? खाली गेला होतात?"

"जरा गेलो होतो."

ती वाकली. फडकं टाळूपर्यंत आलं आणि तिथेच थांबलं. तिने डाग पुसला नाही. मग तिची नजर दाराजवळच्या भिंतीकडे गेली, त्या न रंगवलेल्या तुकड्याकडे, आणि परत आली.

"गिरणीत आज कुणी लहान मूल आलं होतं का?" तिने विचारलं.

"नाही. का?"

"बोट एवढंसं आहे म्हणून."

ती ओट्याकडे वळली. मास्तर तिच्या पाठीकडे बघत होते. आता सांगायलाच हवं होतं. शब्द जुळवत असताना तिच्या हातातलं फडकं खाली पडलं. ते उचलायला ती वाकली नाही. तिने हात छातीशी मिटून घेतले. थंडी वाजत असेल, त्यांना वाटलं.

मग ते हात पाव उघडले.

"अगं," मास्तर म्हणाले.

तिचे हात सावकाश पुढे सरकले आणि अर्ध्याच्या किंचित अलीकडे येऊन थांबले. हा खेळ ती जन्मात कधी खेळली नव्हती. ती तशीच उभी राहिली, वाट बघत. आणि डोकं तिने पुढे वाकवलं होतं, पार ओट्यापर्यंत, ओट्याएवढ्या उंचीच्या कुणाचा हात पोचेल इतकं.